दोन स्टिकरांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पण जुना म्हटलं की तुम्हाला वाटेल, झिजलेला, तेलकट, कडेला हळदीचे डाग पडलेला. तसलं भाग्य माझं कुठलं! मी नवा होतो आणि नव्याचाच जुना झालो. सहा वर्षांत माझ्यात एक घास पडलेला नाही. माझ्या पोटातला छोटा चमचा परवापर्यंत त्याच्या पिशवीतच होता.

तसा मी दिसायला वाईट नव्हतो. निळं झाकण, त्यावर हसरा हत्ती, आत दोन खण. नांदेडच्या एका दुकानात माझ्यासारखेच तीस डबे एकावर एक रचलेले होते. दुकानदार एका बाईंना म्हणाला, "रिटर्न गिफ्टला घ्या ताई, सध्या लई चालून राहिलेत." ते ऐकून मी हरखलो. वाटलं, चला, आता कुणाच्या तरी दप्तरात बसायचं, मधल्या सुट्टीत उघडायचं, पोरांची बोटं खाऊसाठी आत शिरायची. किती भोळा होतो मी!

त्या बाईंच्या प्रेम नावाच्या मुलाचा पाचवा वाढदिवस होता. आम्हा सगळ्यांच्या बुडाला एकेक स्टिकर लागला, 'प्रेमच्या वाढदिवसाला आल्याबद्दल थँक्यू'. केक कापला आणि आम्ही दारात वाटले गेलो. मी आलो राजकन्या नावाच्या मुलीच्या वाट्याला. ती प्रेमच्या मावशीची मुलगी, रेणापूरची. तिच्या घरी असल्या डब्यांनी आणि बाटल्यांनी कपाट भरलेलं होतं. तिच्या आईनं मला उघडलंसुद्धा नाही. "राहू दे, कुणाला तरी द्यायला होतंय," असं म्हणून वरच्या खणात ढकललं. तिथं मी चार वर्षं काढली.

मग राजकन्येचा वाढदिवस आला. पाहुण्या मुलांसाठी पंचवीस बाटल्या आणल्या होत्या आणि मुलं आली सव्वीस. सव्विसावी होती तिच्या वर्गातली लुंबिनी. आता काय करायचं? राजकन्येची आई लगबगीनं आत आली, मला ओढून काढलं आणि प्रेमच्या स्टिकरवर राजकन्येच्या नावाचा उरलेला स्टिकर चोपून लावला. कडेला कड जुळली. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

लुंबिनीला मात्र वाटलं, सगळ्यांना बाटल्या आणि मला एकटीला डबा, म्हणजे मी कुणीतरी खास! घरापर्यंत ती मला छातीशी धरून पळत गेली. तिचा स्वतःचा डबा मी त्या दिवशी पाहिला. झाकणाची कडी तुटलेली, रबर लावून बंद केलेला. त्यातून कालवण सांडून तिची मराठीची वही पिवळी झाली होती. मी मनात म्हणालो, पोरी, तुझीच वाट बघत होतो गं!

"आई, मी हा उद्या शाळेत नेऊ?"

तिची आई बुद्धप्रिया शिलाई मशीनवर साड्यांना पिको करत होती. तिनं मला हातात घेतलं, झाकणावरचा हत्ती पाहिला आणि मान हलवली. "न्हाई. तुझ्या वाढदिवसाला मैत्रिणींना काय देशील मग?"

त्याचं असं होतं, की लुंबिनीचा वाढदिवस कधी मैत्रिणींना बोलावून झालाच नव्हता. ती सगळ्यांकडे जाऊन यायची, आणि मुली विचारायच्या, "तुझा कधी गं? आम्हाला रिटर्न गिफ्ट कधी देतीस?" पुढच्या वर्षी तिला नववं लागणार होतं आणि आईनं कबूल केलं होतं, की तेव्हा बोलवू. त्यासाठी लुंबिनीला मिळालेली एकूण एक वस्तू ती ट्रंकेत जपून ठेवत होती. "लग्नात आलेला आहेर आपण पुढच्या लग्नात देतोच की," ती म्हणाली. "त्यात काय हाय?" त्यात खरंच काही नव्हतं. घरोघरी तेच चाललं होतं.

मी ट्रंकेत गेलो. लुंबिनी अधूनमधून झाकण उचलून माझ्यावरच्या हत्तीला बोट लावायची आणि परत ठेवायची. रबरवाला डबा तसाच शाळेत जात राहिला. माझा जीव तिळतिळ तुटायचा, पण डब्याचं कोण ऐकतं!

वाढदिवस उजाडला. बुद्धप्रियानं भिंतीवरच्या फोटोंपुढं मेणबत्ती लावली, खीर केली, पुऱ्या तळल्या. सहा मुली येणार होत्या, म्हणून सहा वस्तू चमकीच्या कागदात गुंडाळल्या. लुंबिनी हुशार. तिनं आधीच बजावलं होतं, "आई, हा राजकन्याला देऊ नको हां, तिच्याकडचाच हाय. आमच्या वर्गातल्या माउलीला दे." दोघींनी माझं झाकण निरखून पाहिलं. बूड कुणी पाहिलं नाही. अरे, एकदा उलटं करून बघा रे मला, असं मी आतल्या आत ओरडत होतो.

सहाही मुली आल्या. लुंबिनीचा चेहरा असा फुलला होता, की ती मिनिटामिनिटाला दारात जाऊन परत येत होती. जेवणं झाली, गिफ्टं वाटली. आणि माउलीनं कागद टराटरा फाडला, मला उलटं केलं आणि मोठ्यानं वाचलं, "राजकन्याच्या वाढदिवसाला आल्याबद्दल थँक्यू!"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग राजकन्या म्हणाली, "अगं, हा तर आमच्या घरचा!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण बाकीच्या खो खो हसत सुटल्या. माउली नखानं स्टिकरचा कोपरा खरवडू लागली. मित्रांनो, माझ्यात प्राण आले! खरवड गं बाई, अजून थोडं खरवड! खाली प्रेमचं नाव निघू दे, सगळ्यांना कळू दे की लुंबिनीनं काही वेगळं केलं नाही! कोपरा सुटलाही होता. तेवढ्यात कुणीतरी "वापस गिफ्ट, वापस गिफ्ट" म्हणालं, पुन्हा हसू फुटलं आणि माउलीनं मला कोनाड्यात ठेवून दिलं. जाताना तिनं मला नेलंही नाही.

मुली गेल्यावर बुद्धप्रियानं तो स्टिकर ओला करून काढला. खालचं नाव वाचलं. मग म्हणाली, "लुंबिनी, हे बघ. त्यांनी पण कुणाचा तरी आलेलाच दिला होता."

लुंबिनीनं पाहिलं. "आता दाखवून काय उपयोग, आई? सगळ्या गेल्या."

शाळेत तिचं नाव 'वापस' पडलं. ती आता कुणाच्या वाढदिवसाला जात नाही आणि कुणी बोलवतही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मुलं आली तर त्यांना पोटभर खाऊ घाला, खेळू द्या आणि रिकाम्या हातांनी हसत घरी पाठवा. कुणाचं काही बिघडत नाही. आणि कुणी माझ्यासारखं काही हातावर ठेवलंच, तर ते त्याच दिवशी उघडा आणि वापरा. उद्यासाठी ठेवू नका. माझा तो उद्या आलाच नाही.

परवा लुंबिनीला दहावं लागलं. कुणाला बोलावलं नव्हतं. मायलेकींनी खीर खाल्ली, थोडी उरली. बुद्धप्रियानं मला कोनाड्यातून काढलं, धुतलं, पुसलं, चमच्याची पिशवी फाडली. सहा वर्षांनी माझ्यात काहीतरी पडणार होतं. "ने बाई, आता हा तूच ने शाळेत," ती म्हणाली. "उद्या यातच खीर देते."

लुंबिनीनं रबरवाला डबा पुढं सरकवला.

"त्यात नको, आई. ह्यात दे."