‘व’च्या पोटातली रेघ

ज्या कोणी ती झेरॉक्स काढली, त्यानं ती एकदा तरी स्वतः वाचायला हवी होती. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. अक्षरं फुटलेली, मधूनमधून काळ्या रेघा, आणि त्यातली एक रेघ नेमकी माझ्या नावावरून गेलेली. तो माणूस कोण, मला माहीत नाही. पण त्याच्या घाईपायी एका ड्रायव्हरचे डोळे जायची वेळ आली होती, हे मी त्याच्या तोंडावर सांगेन.

मी एक वाटी बोलतेय. स्टीलची, साधी, काठावर नक्षी नसलेली. पत्र्यातून गोल कापली, साच्यात दाबली, घासली आणि बारा जणींच्या खोक्यात बसवली, एवढंच माझं बालपण. नानीबाईच्या मामांनी आम्हाला मंगरूळपीरच्या दुकानातून तिच्या लग्नात आहेर म्हणून आणलं. दुकानदारानं मशीननं माझ्या कुशीवर मामांचं नाव कोरलं, ‘सेवादास’. मला गुदगुल्या झाल्या होत्या.

नानीबाईचं सासर मानोरा तालुक्यातल्या तांड्यावर. तिथं आल्यावर माझा सगळा तोरा उतरला. बंजारा घरात मान असतो तो बाटीला. बाटी म्हणजे ज्वारीची भाकरी. वाटेत कोणी भेटलं तरी पहिला प्रश्न, “बाटी खादो कांई?” बाटी खाल्ली का? डाळ सरळ थाळीत ओतायची, तिच्यात बाटी कुस्करायची. यात वाटीचं काय काम? आम्ही पाहुणे आले की खाली आणि पाहुणे गेले की पुन्हा फळीवरच्या खोक्यात. अशी वीस वर्षं गेली. खोक्याला एका बाजूनं भोक होतं, तेवढंच माझं जग.

नानीबाईचा नवरा फुलसिंग मानोरा ते पोहरादेवी काळीपिवळी जीप चालवायचा. वय शेहेचाळीस. या दिवाळीनंतर त्याची तहान भागेना. दोन तांबे पाणी प्यायचा आणि तिसरा मागायचा. मग रस्त्यावरच्या पाट्या धूसर दिसायला लागल्या. एकदा त्यानं वळणावर उभी असलेली बकरी मैलाचा दगड समजून गाडी तशीच नेली. बकरी उडी मारून वाचली.

वाशीमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. शुगर तीनशे चाळीस. गोळ्या दिल्या आणि बजावलं, “डोळ्यांपुढचं धुकं जाईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही. शुगर अशीच राहिली तर डोळ्यांचं पुढं सांगता येत नाही.”

जीपवर ताडपत्री पडली. फुलसिंग रोज सकाळी ती उचलून काच पुसायचा आणि पुन्हा टाकायचा. “रामनवमीच्या जत्रेले मीच गाडी चालवीन,” तो म्हणायचा. जत्रेला पोहरादेवीत माणसांचा पूर येतो, आणि वीस वर्षांत त्याची एकही फेरी चुकली नव्हती.

दवाखान्यातून आणलेल्या त्या झेरॉक्सच्या कागदावर जेवणाचं प्रमाण होतं. दुपारी दोन वाटी, रात्री दोन वाटी. म्हणजे धान्याचं जे काही शिजेल ते एका वेळी दोन वाट्या. पण आधीच धूसर डोळे, त्यात ती रेघ ‘व’च्या पोटातून आरपार गेलेली. फुलसिंगनं कागद नाकाशी धरून वाचलं, “दोन बाटी.”

बिचाऱ्यानं अक्षर न् अक्षर पाळलं. पाच खाणारा माणूस दोनवर आला. चहातली साखर सोडली, गूळ सोडला, शेजारच्या बारशाचे पेढे परत केले. नानीबाईचा जीव तुटायचा. ती म्हणायची, “दोनच खाच्या हायेत, तं त्या तरी पोटभर पाह्यजेत.” आणि तिच्या हाताखालची बाटी वाढत गेली. आधी तव्याएवढी झाली, मग जाड झाली. मी भोकातून बघत होते. अगं, मला खाली काढ! पण खोक्यातल्या वाटीचं कोण ऐकतं?

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. तीनशे अठरा.

फुलसिंग दारात बसला. मग म्हणाला, “मोजून खाऊन राह्यलो, अर्धपोटी राह्यलो, तरी बी कमी नाई. मंग कायले मोजायचं? गाडी देऊन टाकू कोणाले तरी.”

नानीबाईनं त्या दिवशी काच पुसली. त्यानं ताडपत्री उचलली नव्हती.

दोन दिवसांनी उपकेंद्राच्या नव्या सिस्टर घरी आल्या. नाव सुकेशनी, गाव वाशीम. त्यांनी गोळ्या बघितल्या, आकडे बघितले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, “ताई, तुमी यायले कोणत्या वाटीनं देता? दाखवा बरं.”

नानीबाई अभिमानानं उठली. टोपलीतून थाळी भरून बाटी आणली. “हे पाहा. दुपारचीच हाय.”

“हे नाई. वाटी.”

“हेच तं बाटी!”

“अवो ताई, वाटी! वरणाची वाटी!”

“वरन बी देतो न, त्याच्यासंगं.”

फुलसिंगनं खिशातून कागद काढून दोन्ही हातांनी ताणला. “मॅडम, इथं चोख लिवलं हाय. दोन बाटी.”

सुकेशनीताईंनी कागद उजेडात धरला. नखानं रेघ खरवडून पाहिली. छापलेली रेघ कुठली निघायला! त्या आधी खळखळून हसल्या. मग समोरच्या बाटीकडे नजर गेली आणि हसू मावळलं. “हा कागद कोणीतरी तुमाले वाचून दाखवाले पाह्यजे होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “चुकलं आमचं.”

मग खोका खाली आला. वीस वर्षांत पहिल्यांदा घरात पाहुणा नसताना! ताईंनी सगळ्यांत वरची म्हणून मला उचललं आणि पाण्यानं भरून अंदाज घेतला.

“या वाटीत भात घेतला तं त्यात अंदाजे तीस ग्रॅम कर्बोदकं. कर्बोदकं म्हणजे ज्याची पोटात गेल्यावर साखर होते ते. ज्वारीत आहे, भातात आहे, आलूत आहे, साबुदाण्यात तर लयच आहे. आता सांगा, एका बाटीले पीठ किती घेता?”

नानीबाईनं परातीत नेहमीसारखं पीठ काढलं आणि माझ्यात भरून मोजलं. एक वाटी. दोन वाट्या.

“अर्ध्या वाटी पिठाची एक लहान बाटी होते,” ताई म्हणाल्या. “तिचे तीस. एका जेवणाले तुमचे साठ.”

फुलसिंग बोटांवर मोजत राहिला. मग एकदम ओरडला, “म्हंजे मी दोन नाई, आठ खाऊन राह्यलो होतो!”

नानीबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला खालून दिसलं नाही.

“आन् साठच्या वर काटा जाऊ द्याचा नाई,” तो पुढे म्हणाला. “काहून नाई सांगतलं हे आधी? स्पीड तं मले समजते!”

त्या दिवसापासून मी पिठाच्या डब्यात राहायला गेले. थाळीत दोन लहान बाट्या, नाहीतर एक बाटी आणि एक मी भरून भात. बाकी डाळ, भाजी, काकडी. पहिला आठवडा फुलसिंग थाळीकडे रुसल्यासारखा बघायचा. दुसऱ्या आठवड्यात तहान कमी झाली. लग्नाला जाताना तो मला रुमालात बांधून न्यायला लागला. शेजारचा भाऊसिंग पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “अरे, फुलसिंगनं घरून वाटी आणली! आहेर द्याले आणली का भीक मांगाले?”

“साठचा काटा हाय भाऊ हा,” फुलसिंग म्हणाला आणि माझ्यात भात घेतला. पंगत हसली. त्याचे कान लाल झाले, पण मला त्यानं लपवलं नाही.

सगळं सरळ झालं असं नाही. होळीला तो गोड लापशीपुढे हरला. दुसऱ्या दिवशी आकडा दोनशे ऐंशी आला, तेव्हा त्यानं मला अंगणात भिरकावलं. दगडावर आदळून माझी एक बाजू आत गेली. नानीबाईनं मला उचललं, आतून बत्त्यानं ठोकून सरळ केलं. एवढ्यावर ती थांबली नाही. माझ्या दुसऱ्या बहिणीत पाणी घेऊन तिनं ते माझ्यात ओतलं. चमचाभर सांडलं. “चमचाभर खोटी झाली,” ती म्हणाली, आणि पुन्हा ठोकलं. पाणी बरोबर काठाला येईपर्यंत. फुलसिंग बघत होता. संध्याकाळी त्यानं स्वतःच मला पिठात बुडवलं.

मार्चच्या शेवटी डॉक्टरांनी डोळे तपासले. धुकं गेलं होतं. उपाशीपोटी शुगर एकशे अठ्ठावीस. “चालवा गाडी,” ते म्हणाले, “पण मोजणं सोडू नका.”

मला जत्रेला पोचायची घाई आहे, म्हणून स्पष्टच बोलते. कागद छापणाऱ्यांनो, ज्याच्यासाठी छापता त्याच्या घरी एकदा जेवा. त्याची थाळी बघा, त्याचा शब्द शिका. आणि तुम्ही, ज्यांच्या घरात गोळ्यांची पाकिटं आहेत, फळीवरचा खोका आजच खाली काढा. आम्ही औषध नाही. पण आम्ही खोटं सांगत नाही.

आज रामनवमी. मी जीपच्या डॅशबोर्डवर रुमालात बसलेय. मागं बायकांची गाणी, टपावर गाठोडी, आणि फुलसिंग दूरची पाटी मोठ्यानं वाचून दाखवतोय, कोणी विचारलं नसताना. पुढच्या सीटवर भाऊसिंग आहे. गेल्या आठवड्यात सुकेशनीताईंनी त्याच्याही बोटाला सुई टोचली. आकडा त्यानं कोणालाच सांगितला नाही. आता त्यानं हळूच रुमाल सोडला, मला हातात घेऊन फिरवलं, आत बोट घालून खोली मोजली.

“फुलसिंग,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “जत्रेत असी वाटी भेटन का रे? आमच्या घरच्या साऱ्या लय मोठ्या हायेत.”