भिंतीकडची जागा

आर्डिस टॉलेफसनने गाई विकल्या त्याला नऊ वर्षं झाली, पण तिचा गोठा काही रिकामा राहिला नाही. गाई गेल्या, गाड्या आल्या. विस्कॉन्सिनच्या त्या मुलखात ऑक्टोबर उजाडला की हौशी मंडळींची तारांबळ उडते. एकदा बर्फ पडायला लागला की रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ जुन्या गाडीच्या पत्र्याला वाळवीसारखं खातं. म्हणून लाडक्या गाड्या मे महिन्यापर्यंत कुणाच्या तरी गोठ्यात ठेवायच्या. आर्डिसकडे अकरा मावत. बारावीसाठी एकाने फार गळ घातली होती, त्याला तिने चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

तिचे नियम साधे होते. टाकी काठोकाठ भरून आणा, बॅटरी काढून घरी न्या, हँडब्रेक ओढू नका, किल्ली खिळ्याला टांगा. आणि मधे भेटायला येऊ नका. "गाईला भेटायला आलात तर समजू शकते," ती म्हणे, "ती ओळख तरी दाखवते." सगळ्यांत कडक नियम क्रमाचा. पहिली आलेली गाडी आत भिंतीला, मग तिच्या शेजारी दुसरी, पुढे तिसरी, असं करत शेवटची दारात. बाहेर काढताना उलट. दारातली निघाल्याशिवाय मागची कुणी हलत नसे.

ती दारातली जागा नऊ वर्षं एमर्ट हाउगेनची होती. एमर्ट अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आयुष्यभर शाळेची बस चालवली, आणि स्वतःची म्हणून एक निळी रँब्लर गाडी जपली, चौसष्ट सालची. आर्डिस लोकांना सांगे, हा उशिरा येतो म्हणून दारात राहतो. खरी गोष्ट वेगळी होती. दारातली गाडी न्यायला मे महिन्यात सगळ्यांत आधी तोच यायचा, कॉफीला बसायचा, आणि बाकीचे दहा जण अंगणात हॉर्न वाजवत खोळंबायचे. आर्डिसला ती सकाळ वर्षभर पुरायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही निम्मंच सांगितलं होतं.

त्या ऑक्टोबरात एमर्ट सकाळी सातलाच हजर झाला, सगळ्यांच्या आधी.

"घड्याळ बिघडलं की डोकं?" आर्डिसने विचारलं.

"ह्या वर्षी भिंतीला लावावी म्हणतो."

"का रे?"

एमर्टने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "डॉक्टर म्हणाले, नाताळ दिसेल. पुढचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांना उगाच अवघड झालं असतं."

आर्डिस गोठ्याच्या दाराची कडी काढू लागली.

"मे महिन्यात मीच नसलो तर गाडी दारात अडून बसायची," तो म्हणाला. "मागे दहा माणसं ताटकळणार. बरं नाही दिसत ते."

आता त्या भागातली एक रीत. तिथे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. कॉफी घेतोस का, नको. अरे घे, उगाच तुला त्रास. मग तिसऱ्यांदा विचारायचं, तेव्हा कुठे कप हातात घेतला जातो. दोनदा विचारून थांबणं म्हणजे न विचारल्यासारखंच. ही रीत तिथली पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात.

"दारातली जागा तुझी आहे," आर्डिस म्हणाली. "तिथेच लाव."

"नको गं. भिंत बरी."

"लागलंच तर मी ढकलेन तुझी गाडी. म्हातारी झाले असेन, मेले नाही. दारात लाव."

"उगाच तुला त्रास."

एवढ्यात विक्स्ट्रॉमची लाल गाडी अंगणात शिरली. हा शहरातला दाताचा डॉक्टर, आणि उंदरांना भलताच घाबरणारा. मागच्या वर्षी त्याच्या सीटमध्ये उंदरीण व्याली होती. "आर्डिसबाई, सापळे किती लावता? पुदिन्याचं तेल शिंपडता ना?" त्याचे प्रश्न संपेनात. आर्डिस त्याला उत्तरं देऊन मोकळी झाली तोवर रँब्लर भिंतीला उभी होती, किल्ली खिळ्याला होती, आणि एमर्ट मुलीच्या ट्रकमध्ये बसून निघून गेला होता. तिने लाल गाडी रँब्लरच्या शेजारी घेतली, नेहमीसारखी चिकटवून, आणि पुढच्या कामाला लागली.

नाताळ आला आणि गेला. एमर्ट होता. आर्डिस दर रविवारी भाजलेल्या बटाटा-खिम्याचं भांडं त्याच्या घरी पोचवी. त्याची मुलगी कोलीन ते दारातच घेई. "बाबा झोपलेत, मावशी," ती म्हणे. चार रविवार झाल्यावर आर्डिसला कळलं, तो झोपलेला नसतो, त्याला कुणी बघायला नको असतं. ती भांडं देत राहिली.

फेब्रुवारीत फोन आला.

"आर्डिस, मला गाडीत बसायचंय."

जमलं तर बघ नाही, तुला त्रास नाही, काही नाही. सरळ मागितलं. आर्डिस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. चाळीस वर्षांत ह्या माणसाने मीठसुद्धा सरळ मागितलं नव्हतं.

"दारात लावली असतीस तर आज चालवता आली असती," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि ते आलं की ती भांडायची.

"तू दोनदाच विचारलंस."

"विक्स्ट्रॉम आला ना मधे."

"हो. उंदरांचं विचारत होता." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी थांबलो होतो जरा वेळ. गाडी चालू ठेवून."

आर्डिसला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. गोठ्याची राखण करता करता माणूस हातचा घालवला, असं तिला स्पष्ट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोलीनने त्याला आणलं. टोपी, मफलर, जाड कोट, वरून घोंगडी. त्या सगळ्यात एमर्ट किती होता ते दिसत नव्हतं. बाहेर अंगण कमरेइतक्या बर्फाखाली, रस्ता मिठाने पांढरा.

"ट्रॅक्टर गरम करून ठेवलाय," आर्डिस म्हणाली. "दहाही बाहेर ओढते."

"नको."

"ओढते म्हटलं ना. तासाभराचं काम."

"लोकांच्या गाड्या आहेत त्या. मीठ लागेल."

"लागू दे मीठ. विक्स्ट्रॉमच्या गाडीला तर मी हाताने चोळीन. ओढू?"

एमर्ट हसला, मग खोकला, मग बराच वेळ कोलीनच्या दंडाला धरून उभा राहिला. "आता झालं तीनदा," तो म्हणाला. "खरंच नको. नुसतं बसतो."

गोठ्याच्या मागच्या भिंतीच्या कडेने चारा टाकायची जुनी वाट होती. तिथून तिघं एकामागे एक आत गेले. कोलीन टोकाशी थांबली. रँब्लरपाशी पोचल्यावर आर्डिसच्या लक्षात आलं की आपण काय करून ठेवलंय. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला विक्स्ट्रॉमची लाल गाडी, मधे फट. दार उघडलं ते वीत, दीड वीत. तिथून सापळा सरकवायचा म्हटलं तरी ती काठी वापरायची.

"थांब," ती म्हणाली. "ही लाल गाडी ढकलता येते का बघते, मग—"

एमर्टने घोंगडी तिच्या हातात दिली, अंग तिरकं केलं, आणि त्या फटीतून आत जाऊन बसला. कोटासकट. कुठे अडला नाही, कुठे घासला नाही.

आर्डिस घोंगडी धरून उभी राहिली. चार महिन्यांत कोलीनने दारात जे दाखवलं नव्हतं ते ह्या फटीने दाखवलं.

एमर्टने दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. समोर काचेपलीकडे दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा मागचा भाग होता, तिकडे तो रस्त्याकडे बघावं तसं बघत होता. मग सरकून त्याने शेजारी जागा केली.

"ये ना," तो म्हणाला. "बस."

आर्डिस धडधाकट बाई होती. तिने खांदा घातला, तो अडला. कोट काढून घातला, तरी अडला. पोट आत ओढलं, श्वास सोडला, दाराच्या कडेने गाल खरवडला. तिला आत जायचं होतं. नऊ वर्षांत तिला दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं.

"ये ना गं," एमर्ट आतून पुन्हा म्हणाला. त्याला वाटलं असावं, ती रीत पाळतेय.

"येते रे," ती म्हणाली, "येतेय," आणि हातमोजा काढून जेवढा जाईल तेवढा हात तिने आत घातला.