शिळा इशारा

सिंदी मेघेतल्या एका छोट्या कंपनीत रत्नदीप चार वर्षांपासून एकच यंत्रणा सांभाळत होता. हिंगणीजवळच्या जंगलालगतचे कॅमेरे दूरच्या सर्व्हरला फोटो पाठवत. तिथला एक प्रोग्राम वाघ ओळखी, दुसरा कुणाला कळवायचं ते ठरवी, तिसरा शेतकऱ्यांच्या मोबाइलवर इशारा धाडी. नेटवर्क गेलं की सगळं ठप्प.

जूनमध्ये काजल कंपनीत रुजू झाली. तिने हिंगणीला जाऊन कॅमेऱ्यांजवळ एकेक पेटी बसवली आणि वाघ ओळखायचं काम त्या पेटीतच हलवलं. आता नेटवर्क नसलं तरी पेटीवरचा भोंगा वाजू लागला.

"चार वर्षांत हे कोनाले सुचलं नाई?" मालक प्रभाकरराव सगळ्यांसमोर म्हणाले.

रत्नदीपही हसला. पण त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. काजलच्या टेबलापाशी कुणी दोघे उभे दिसले, तरी तिचंच कौतुक चाललंय असं त्याला वाटे.

दिवाळीनंतर तिने नवा बदल त्याच्याकडे तपासायला दिला. नेटवर्क नसताना पेटीने इशारे साठवायचे, आलं की पाठवायचे. इशारा किती जुना, हे मात्र कुठेच पाहिलं जात नव्हतं. रत्नदीपला ते लगेच दिसलं. 'पडू दे एकदा तोंडावर,' असं मनात आलं आणि त्याने मंजुरी देऊन टाकली.

चौथ्या दिवशी दुपारी हिंगणीच्या रूपरावांचा फोन आला. त्यांच्या शेतात कापूस वेचणी चालू होती.

"सकाळी सहाचा वाघ दुपारी दोनले सांगून राह्यले का तुमी? बाया कापूस टाकून पळाल्या. सरिता धुऱ्याच्या बांधावरून पडली, हात मोडला तिचा!"

"चूक माही हाय," काजल प्रभाकररावांना म्हणाली. "रत्नदीपदादानं तपासलं, पन लिहिलं मीच."

तिचा हा मोठेपणाही त्याला सलला. पण आता गप्प बसवेना. "मले दिसलं होतं. मुद्दाम सांगितलं नाई."

"काऊन?" काजलने विचारलं.

"तुह्यं कौतुक पाहवत नव्हतं."

प्रभाकररावांनी मंजुरीचा अधिकार त्याच्याकडून काढून तिला दिला. तिने संध्याकाळपर्यंत एकटीने दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी रत्नदीप हिंगणीला गेला. सरिता हात गळ्यात बांधून बसली होती.

"हात होईन बरा," ती म्हणाली. "पन आता मोबाइल वाजला तरी बाया हलत नाईत."

तो शेतात जाऊन एकेकीला सांगत फिरला, "चूक माही होती. आता वाजला तर निघून जाजा."

"ते मशीनवाली पोरगी येईन का?" एकीने विचारलं. "तिनं सांगितलं तर आयकू."

"पाठवतो," तो म्हणाला. ते त्याला बोचलंच, तरी त्याने तिथूनच काजलला फोन लावला.