विहिणीचा घास

जवाहरनगरच्या फॅक्टरीजवळ, हायवेला लागून जागेश्वरनं चायनीजचं हॉटेल टाकलं, त्या हिवाळ्यात क्वार्टरांतल्या बायकांना दुसरा विषय नव्हता. जागेश्वर मूळचा मोहाडीचा, पण कलकत्त्याला एका चिनी माणसाच्या हाताखाली कढई हलवून आलेला. त्याच्या शेजवान नूडल्समध्ये भिवापुरी मिरची तर असेच, शिवाय कलकत्त्याहून आणलेले कसले तरी तपकिरी दाणे असत. ते दाताखाली आले की जीभ बधिर व्हायची आणि ओठांना मुंग्या यायच्या. पहिल्या आठवड्यात एकाला लकवा मारल्यासारखं वाटून तो दवाखान्यात पळाला होता.

पुष्पाबाईंना हे दाणे अगदी वेळेवर आल्यासारखे वाटले. त्यांची विहीण पार्वताबाई सानगडीहून सुनेला न्यायला आली होती. दिवाळीला माहेरी आलेली ललिता संक्रांतीपर्यंत राहावी, असा पुष्पाबाईंचा हट्ट. पोरगी नसली की क्वार्टर खायला उठायचं. पार्वताबाईचं म्हणणं, धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, तोंडावर आलंय, सून घरी पाहिजे. दोघीही एकमेकींना पुरून उरणाऱ्या. लग्नात पार्वताबाईनं विहिणीच्या पानात कापूस भरलेला वडा वाढला होता आणि पुष्पाबाई तो चावत बसलेल्या साऱ्या मांडवानं पाहिलं होतं. विहिणीविहिणींत हे चालायचंच. राग मानायचा नसतो, नुसतं लक्षात ठेवायचं असतं.

"इनबाई, शर्यत लावू," पुष्पाबाई म्हणाल्या. "जागेश्वरच्या हॉटेलात जेवाले चला. जे आधी पाणी पेईल ते हरली. तुमी हरल्या त पोरगी संक्रांतीवरी इथंच."

"अन् तुमी हरल्या त?"

"त उद्याच्या यष्टीनं घेऊन जा."

"आमी सानगडीचे लोकं मिरचीले भेत नाई," पार्वताबाई म्हणाली. "पण पाहीन कोण?"

"ललिता पाहीन." एकीची लेक, दुसरीची सून. दोघींनाही ती आपलीच वाटत होती, म्हणून दोघींनीही मान डोलावली.

संध्याकाळी पुष्पाबाई अर्धा तास आधीच हॉटेलात जाऊन आल्या. जागेश्वरला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इनबाईच्या पलेटीत मिरची अन् ते दाणे दुप्पट टाक. माह्या पलेटीत नावाले."

"काकू, मरन न ते बाई."

"नाई मरत. चिवट हाय."

तिघी बाकावर बसल्या. नूडल्स आल्या. दोन्ही प्लेटी दिसायला सारख्याच लालभडक. ललितेनं आपल्यासाठी भात मागवला होता. मध्ये पाण्याचा एकच मोठा गिलास ठेवला. पार्वताबाईनं प्लेटीकडे वाकून पाहिलं.

"ह्या त शेवया आहेत," ती म्हणाली. "साखर, दूध कुठं हाय?"

"चिनी लोकं तिखटच खातेत."

"काहून, त्यायच्याकडे जावई येत नाई काय?"

पुष्पाबाई हसू दाबून वाट पाहत होत्या. पण पार्वताबाईनं पहिला घास उचलला तो स्वतःच्या तोंडाकडे गेलाच नाही. "आधी तुमी, इनबाई," म्हणत तिनं तो पुष्पाबाईंच्या तोंडासमोर धरला.

आता आली का पंचाईत. एकत्र जेवायला बसलं की विहिणीनं विहिणीला पहिला घास भरवायचा, हा रिवाज, आणि तो घास नाकारणं म्हणजे सोयरीकच नाकारणं. हॉटेलातली चार डोकी वळून पाहू लागली होती. पुष्पाबाईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

कानशिलातून वाफ निघाल्यासारखं झालं. जीभ आधी पेटली, मग कुठं गेली ते कळेना. तरी रिवाजाप्रमाणे परतीचा घास द्यायचाच होता. त्यांनी आपल्या प्लेटीतला घास पार्वताबाईला भरवला.

पार्वताबाईनं तो सावकाश चावला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"तुमच्या शेवया त लय गोड हो, इनबाई. घ्या, अजून एक माह्यातला घ्या."

एकामागून एक घास येत राहिले. नाही म्हणायची सोय नव्हती. पुष्पाबाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात गिलासाकडे गेला नाही. लेकीसाठी बाई काय सोसते ते कुणी त्या वेळी येऊन पाहावं. शेवटी पार्वताबाईलाच चेव आला. "एवढं काय आहे यात, पाहू द्या," म्हणत तिनं आपल्या प्लेटीतला घसघशीत घास स्वतः घेतला.

घास तिनं कसाबसा गिळला. मग कुणाला काही कळायच्या आत तिनं गिलास ओढला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला. तिच्या हातातून तो हिसकावून पुष्पाबाईंनी उरलेला संपवला. दोघी धापा टाकत ललितेकडे वळल्या. पुष्पाबाई तर आत्ताच जिंकल्यासारख्या हसत होत्या. गिलास आधी कुणी उचलला, ते काउंटरवरच्या जागेश्वरनंही पाहिलं होतं.

ललितेनं भात चिवडला, पदर सारखा केला, पुन्हा भात चिवडला.

"आईनं," ती हळूच म्हणाली. "माह्या आईनं आधी पाणी घेतलं."

पुष्पाबाई पाहतच राहिल्या. पोरगी कानापर्यंत लाल झाली होती, आणि तिनं तर मिरचीला हातही लावला नव्हता. तिचा जीव कुठं अडकलाय ते आईला त्या एका वाक्यात कळलं. फार लागलं ते, आणि लागता लागता बरंही वाटलं.

पार्वताबाई काही लबाडीनं जिंकणारी नव्हती. ओठ पुसत ती म्हणाली, "इनबाई, तुमची पोरगी खोटं बोलून राहिली."

"माही कायची," पुष्पाबाई म्हणाल्या. "आता तुमचीच हाय ते."