कोऱ्या पाटीवरचा पाय

नोंदवही, पान पहिलं.

चारशे वर्षांपूर्वी, ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना, नागासाकीत दरवर्षी अशी वही भरत. नाव, घर, देऊळ. मग प्रत्येकाने ख्रिस्ती मूर्तीच्या पाटीवर पाय द्यायचा. अडखळला तो लपलेला ख्रिस्ती.

माझा दावा असा की पुढे कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. नवीन वर्षाचा रिवाज तेवढा उरला. आज विद्यापीठाच्या प्रदर्शनात ती तपासणी करून दाखवायची आहे; माझे मार्गदर्शक प्रा. लिम यांना हे पटलं तर माझी पोस्टडॉक वर्षभर वाढेल. नाही पटलं तर महिनाअखेरीस पुण्याचं तिकीट.

मूर्तीला विद्यापीठाने परवानगी दिली नाही, कुणाच्या भावना दुखावतील म्हणून. पाटी कोरी आहे.

नाव: श्रीधर.
घर: आंग मो किओ, लेकीकडे पाहुणे.
देऊळ:

"रिकामं सोड," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं नास्तिक आहे मी."

"रिकामं चालत नाही, बाबा. देऊळ नाही तर माणूस वहीत नाही."

"मग परवा आई गेली होती ते लिही, लिटिल इंडियातलं. मी बाहेर चपला सांभाळत होतो."

देऊळ: चपलांपर्यंत.

बाबांना मी मुद्दाम निवडलं होतं. ज्याला देवच नाही, त्याचा पाय कशाला अडखळेल? प्रा. लिम तपासनिसाचा काळा झगा घालून समोर बसले. बाबांनी पँट वर ओढली.

पाय: दिला. दणकन.

(इथे मी जिंकले होते.)

बाबा खाली उतरले. वाकले. पाटीला हात लावला, तो कपाळाला नेला.

हात: वहीत हा रकानाच नाही.

"पकडा त्यांना, लाह!" प्रा. लिम सिंगापुरी ढंगात ओरडले.

"बाबा! पाटी कोरी होती!"

"अगं, पाय लागला ना."

"लागला नाही, तुम्ही दिलात!"

"तेच ते. वर्तमानपत्राला लागला तरी करतो. देवाचा काय संबंध त्यात?"

मी इंग्रजीत सांगितलं. प्रा. लिमनी झगा काढून ठेवला. "तुझा दावा संपला, अश्लेषा."

पाटी उचलायला गेले तर डोळे भरलेले, पायाचा अंगठा पाटीच्या कडेवर आपटला. माझा हात पाटीला लागून कपाळाशी पोचला, तेव्हा प्रा. लिम बघतच होते.

"तू पण?" ते परत खुर्चीत बसले. "वहीत हा रकाना कुणीच का ठेवला नाही?"

मुदत: एक वर्ष.
विषय: हात.

बाबांचा व्हिजिट पास तीस दिवसांचा आहे. तो वाढवून घे म्हणतात प्रा. लिम, पुरावा देशाबाहेर जाऊ द्यायचा नसतो.