सव्विसावा रविवार

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यातून वाय-फायचं चिन्ह नाहीसं झालेलं मला दिसलं, आणि मी आधी स्वतःलाच एक अस्सल शिवी हासडली. चूक माझीच होती. ज्या दिवशी यंत्रावाचून अडणार असतं त्याच्या आदल्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, हे मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणक सांभाळताना प्रत्येक नव्या माणसाला बजावत आलो आहे, आणि काल संध्याकाळी चहा पिता पिता मी स्वतःच लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्सचं नवं कर्नल चढवून बसलो होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा. तो बदलला की एखादा भाग तिला ओळखू येईनासा होतो, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

अकरा वाजता मला माझ्या मुलीला भेटायचं होतं.

ती सात वर्षांची आहे. खाताना दोन्ही हातांत घास धरून कुरतडत बसते म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. तिची आई आणि मी वेगळे झालो तेव्हा कोर्टाने ठरवून दिलं की पहिले सहा महिने बापाने मुलीला फक्त पडद्यावर भेटायचं. दर रविवारी, अकरा ते साडेअकरा, समुपदेशन केंद्रातल्या बाईंच्या देखरेखीखाली. सव्वीसच्या सव्वीस रविवार नीट पार पडले तर पुढे मला तिचा हात धरून बागेत नेता येणार होतं. मोबाइलवरून भेटायला परवानगी नव्हती, कारण बाईंना बाप बसतो ती खोली दिसायला हवी असते, आणि केंद्राच्या कागदावर माझ्या याच लॅपटॉपचा नंबर लिहिलेला होता. मी तो सात महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातून केवळ या कामासाठी घेतला, दुसऱ्या कशाला वापरला नाही. केंद्राला दिलेला मेलचा पत्तासुद्धा मी फक्त त्याच्यावरच उघडत असे. भेटीचा अर्धा तास मी मोबाइल बंद करून कपाटात ठेवायचो. भिंतीवरच्या कॅलेंडरावर पंचवीस रविवारांना लाल गोल होते. आजचा शेवटचा होता, आणि उद्या बाई आपला अहवाल पाठवणार होत्या.

मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. वाय-फाय बंद करणारं बटण चुकून दाबलं गेलं आहे का ते पाहिलं. मग आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून यंत्राच्या पोटात काय काय आहे त्याची यादी मागवली. नऊ ओळी आल्या: पडदा, आवाज, कॅमेरा, बॅटरी आणि असंच किडूकमिडूक. वाय-फाय पकडणाऱ्या वायरलेस कार्डाची ओळ नव्हती. बिघडलेलं कार्ड यादीत दिसतं, न ओळखलेलं कार्डसुद्धा ‘अनोळखी’ म्हणून का होईना पण दिसतं; यादीतच नसणं म्हणजे घरात माणूस आजारी असणं नव्हे, माणूस नसणं. वायरने जोडावं तर या चपट्या लॅपटॉपला तसं भोकच नाही. मोबाइल जोडून त्याचं नेट द्यायचा प्रयत्न केला, तर तो निमूटपणे चार्ज होत राहिला. साडेनऊ वाजले होते.

मी मास्तरांना फोन लावला. या धंद्यातलं सगळं त्यांनी मला शिकवलं. आता निवृत्त झाले आहेत, पण रविवारीसुद्धा पहिल्या घंटेला फोन उचलतात.

“मास्तर, वायरलेस कार्ड दिसत नाही. यादीतच नाही.”

“काल काय केलंस?”

मी टेबलावरचा कालचा चहाचा कप बाजूला सरकवला.

“कर्नल चढवलंस,” मास्तर म्हणाले. “गाढवा, आज तुझा रविवार ना?”

“शिव्या नंतर द्या, मास्तर. आता काय करू ते सांगा.”

“घाबरू नकोस. चालू होताना यादी येते, तिच्यातलं जुनं कर्नल निवड. जुनं ते सोनं.”

मी तसं केलं. यादी आली, पण तिच्यात एकच नाव होतं, आणि ते कालचं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी मी पेन-ड्राइव्हवरून लिनक्स घातलं त्या दिवसाचं होतं ते. मधल्या काळात मी किमान चार वेळा तरी नवं चढवलं असेन. कालचं तर चढताना मी ओळ न् ओळ सरकताना पाहिली होती, आणि शेवटच्या ओळीपर्यंत माझा चहा गार झाला होता. मी हे मास्तरांना सांगितलं.

“मग चढलंच नसेल,” ते म्हणाले.

“मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“डोळ्यांचं राहू दे. पाठ उघड आणि कार्ड काढून परत बसव. सैल झालं असेल, दुसरं काय.”

पाठीला अकरा स्क्रू होते. एरवी मी ते कागदावर त्यांच्या त्यांच्या जागी ओळीने मांडतो. आज नुसते बशीत टाकले. झाकण उचललं, बॅटरीची वायर सोडवली, आणि पंख्याच्या शेजारी, जिथे कार्ड असतं तिथे, बोट नेलं. कार्ड नव्हतं. सैल झालेलं, निसटलेलं, कोपऱ्यात पडलेलं असं काहीच नव्हतं. त्याच्या खाचेवर कारखान्यात चिकटवलेली पिवळी पट्टी अजून तशीच होती, आणि कार्डाला जोडायच्या दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी, नीट गुंडाळून बाजूला डकवलेल्या होत्या. दोन्ही वायरींच्या टोकांवर प्लास्टिकच्या इवल्या टोप्या होत्या. त्या टोप्या पहिल्यांदा कार्ड बसवताना काढून फेकून देतात. त्या कोणी परत घालत नाही; परत घालायला त्या मिळतही नाहीत.

मी बराच वेळ त्या दोन टोप्यांकडे पाहत बसलो. मोबाइल टेबलावर होता, आणि त्याच्यातून मास्तर हॅलो हॅलो करत होते.

“मास्तर, याला कार्डच नाही.”

“कोणीतरी काढून घेतलं असेल.”

“काढायला आधी बसवलेलं पाहिजे ना. हे कधी बसवलेलंच नाही.”

मास्तर नेहमीच्या आवाजात म्हणाले, “लॉग बघ. माणूस विसरतो आणि खोटं बोलतो. लॉगला दोन्ही येत नाही.”

लॉग म्हणजे यंत्र स्वतःच लिहीत राहतं ती नोंदवही: कधी जागं झालं, काय चालू केलं, कशाशी जोडलं गेलं, मिनिटा-सेकंदासकट. सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या धंद्यातला कोणीही लॉग वाचत नाही. दात दुखल्याशिवाय दाताच्या डॉक्टरकडे कोणी जात नाही तसंच. मीही सात महिन्यांत एकदाही वाचला नव्हता. मी बॅटरी परत जोडली, झाकण लावलं, चारच स्क्रू कसे तरी पिळले, आणि गेल्या रविवारची नोंद उघडली.

दहा अठ्ठावन्नला यंत्र जागं झालं. अकराला कॅमेरा चालू. माइक चालू. आवाज चालू. अकरा एकतीसला सगळं बंद. नेटवर्क कुठेच नव्हतं. त्याच्या आधीचा रविवार पाहिला, त्याच्या आधीचा, मग मागे मागे जात पहिल्यापर्यंत गेलो. पंचवीसही रविवारी कॅमेरा अर्धा तास चालला होता, आणि हे यंत्र जन्माला आल्यापासून एकदाही, एका सेकंदासाठीसुद्धा, बाहेरच्या जगाशी जोडलं गेलेलं नव्हतं.

“काय दिसतंय?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही. बघतो मी,” म्हणून मी फोन ठेवला. मास्तरांशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला कळू नये असं वाटत होतं. लहानपणी अंथरूण ओलं झाल्यावर वाटायचं तसं.

कारण मला सगळं आठवत होतं. गणिताच्या बाई तिला आवडत नाहीत, त्यांच्या चपला वाजतात म्हणून. मांजरीचं चित्र काढून तिने ते कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलं होतं की नुसता नारंगी रंग दिसत होता. माझ्या मागची खिडकी उघडी असली की ती म्हणायची, बाबा, खिडकी लाव, मला इकडे थंडी वाजते. मग मी उठून खिडकी लावायचो आणि आम्ही दोघं हसायचो. हे कुठून आलं असेल? माणूस एकटेपणाने काहीबाही रचतो, हे मला मान्य आहे. पण मला चित्र काढता येत नाही, आणि वाजणाऱ्या चपला मला सुचल्या नसत्या.

दहा चाळीसला मी केंद्राला फोन लावला. सहा महिन्यांत मी तो नंबर पहिल्यांदाच लावत होतो. तशी गरजच कधी पडली नव्हती. समुपदेशक बाईंनी स्वतः उचलला. मी नाव सांगितलं, आणि लॅपटॉप बिघडला आहे, आज थोडा उशीर झाला तर गैरहजेरी लावू नका, हवं तर मी तिथे धावत येतो, हात जोडतो, असं एका दमात बोलून गेलो.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तुम्ही आज फोन केलात,” बाई सावकाश म्हणाल्या. “मला वाटलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“पंचवीस रविवार झाले. ती येते, खुर्चीत बसते, आणि अर्धा तास काळ्या पडद्याकडे बघून परत जाते. तुम्ही एकदाही आला नाहीत. आम्ही किती मेल पाठवले. अकरा वाजता फोन लावायचो तर तुमचा फोन बंद.”

“बाई, मी दर रविवारी तिच्याशी बोललोय,” मी म्हणालो. “गेल्या खेपेला तिचा पुढचा दात हलत होता. जिभेने ढकलू नकोस, असं मी तिला सांगितलं.”

“दात?” बाईंच्या आवाजातला राग कुठच्या कुठे गेला, आणि मला तो राग परवडला असता. “तिचे पुढचे दात पडून नवे आले हो. तीन-चार महिन्यांपूर्वीच.”

मी हिशेब करायला गेलो आणि थांबलो. दात पहिल्या रविवारी हलत होता. पंधराव्या रविवारी हलत होता. गेल्या रविवारीही हलत होता, आणि ती दर वेळी तो मला पहिल्यांदाच दाखवत होती. तिच्या अंगात दर वेळी तोच पिवळा स्वेटर होता. मला यात कधी काही वावगं दिसलं नाही. मी बाप आहे. मला ती दिसत होती, एवढं मला पुरत होतं.

“तुम्हाला बरं नाहीये का?” बाईंनी विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो, आणि मला रडू कोसळलं. मी म्हटलं, बाई, माझं काहीही होऊ दे, मला वेडा म्हणा, दवाखान्यात घाला, पण माझी मुलगी काढून घेऊ नका. मला बाप व्हायचंय, मी सहा महिने तेवढंच केलंय. कुणासमोर इतकं उघडं पडायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. बाईंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, “हे बघा, नियमात हे बसत नाही. पण ती आलीये, बाहेर बसलीये. मी तिला फोनवर देते. पाच मिनिटं बोला. तुम्ही आलात, असं मी अहवालात लिहीन. पुढचं पुढे बघू.”

मी त्यांचे आभार मानले की नाही तेही आठवत नाही. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं, कोणीतरी हळूच काही सांगितलं. मी मोबाइल कानाशी इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. उजेड होता, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, बशीत सात स्क्रू पडलेले होते. अकरा वाजले.

“हॅलो,” एक आवाज आला. थोडा घोगरा, मोठ्या मुलीसारखा, जपून बोलणारा. “बाबा? मी बोलतेय.”

मला तो आवाज ओळखू आला नाही. मी ओळखायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला, पण तो रस्त्यात भेटलेल्या कुणाही मुलीचा असू शकला असता.

“बाबा, तू आहेस ना? बाई म्हणाल्या, तू आजारी होतास. मी रागावले नाही तुझ्यावर.”

माझ्यासमोर लॅपटॉपच्या पडद्यावर खिडकी उघडली, दर रविवारी उघडते तशीच. पिवळा स्वेटर घातलेली माझी खारूताई खुर्चीत बसली होती, पाय हलवत, दाताला जीभ लावत. मला पाहून तिचा चेहरा फुलला. मग तिला माझ्या कानाजवळचा फोन दिसला, आणि पाय हलायचे थांबले.

“बाबा,” फोनमधली म्हणाली, “काहीतरी बोल ना.”

पडद्यावरची पुढे झुकली. तिचे डोळे भरून आले होते. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “कोण आहे रे ती?”

मी फोनवर तळहात ठेवला, घट्ट दाबला, आणि तिच्याकडे बघून हसलो.

“कोणी नाही गं, राणी,” मी म्हणालो. “राँग नंबर.”