माझं सातवं प्रकरण

मी एक जुनं पुस्तक आहे. काचेच्या कपाटात कुलूपबंद बसलोय आणि खालच्या फळीला वाळवी लागली आहे. म्हणून मित्रांनो, पाल्हाळ लावत नाही.

मला एका शाळामास्तरांनी लिहिलं. माझ्या गोष्टीत एक गाढव गावचं कारभारी होतं. विहीर आटते तेव्हा ते ठराव करतं, की गावात कुणालाच तहान लागलेली नाही. घसा कोरडा पडलेले गावकरी टाळ्या वाजवतात, कारण शेजारी वाजवतोय. हे माझं सातवं प्रकरण. माझा सगळा जीव त्यातच. बाकीचं नुसतं हसवण्यापुरतं. मास्तरांची त्यापायी नोकरी गेली, पण त्यांनी एक ओळ खोडली नाही.

सुरुवातीला काय मान होता माझा! सलूनवाला मला दुकानात मोठ्यानं वाचून दाखवायचा. किराणावाला म्हणायचा, "हा तर आपला वकील!" वकील म्हणायचा, "छे हो, किराणावालाच!" स्वतःला कुणी ओळखलं नाही. अरे, टाळ्या वाजवणारे तुम्हीच आहात, असं मी पानापानातून सांगत होतो. पण पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे मी ग्रंथालयात आलो. मुखपृष्ठावरचं गाढव पाहून कुणीतरी मला बालविभागात टाकलं. मुलांनी गाढवाला मिशा काढल्या. काढू देत! एका मुलीनं निदान विचारलं तरी, "सगळ्यांना तहान लागलीय, मग टाळ्या का वाजवतात?" त्या दिवशी वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

यंदा शहरातले नळ कोरडे पडले. त्याच सुमारास नगराध्यक्षांनी ठरवलं, ग्रंथालय बंद करून तिथे बैठकीचं सभागृह करायचं. ग्रंथपालबाई हवालदिल झाल्या. साहेबांना खूश करायला एक दुर्मीळ पुस्तक नव्या बांधणीत भेट द्यायचं, असं त्यांनी योजलं. त्यांनी मलाच निवडलं.

"काका, सातवं प्रकरण काढून टाका," त्या बाइंडरला म्हणाल्या. "साहेबांना वाटेल, त्यांच्यावरच लिहिलंय."

"अहो बाई, हे तर त्यांच्या जन्माआधीचं आहे!"

"तेच तर. तरी तंतोतंत लागू पडतंय." बाईंचे डोळे भरून आले. "एक प्रकरण गेलं तर बाकीची पुस्तकं तरी राहतील हो."

बाई, बाकीचं सगळं घ्या, तेवढं ठेवा! मी जीव तोडून ओरडत होतो. पण मिटलेल्या पुस्तकाला आवाज कुठला? पातं फिरलं.

पुठ्ठा पातळ असला की रद्दी पानं खळीनं आतून चिकटवून तो जाड करायचा, ही जुन्या बाइंडरांची सवय. काकांनी माझीच पानं माझ्याच मागच्या पुठ्ठ्याला चिकटवली आणि वर कोरा कागद चढवला. मुद्दाम केलं की काटकसर म्हणून, देव जाणे.

समारंभात साहेबांनी मला चाळलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, "वा! जुने लेखक बघा, कुणाला कधी बोचायचे नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे घसे कोरडे होते. बाईही वाजवत होत्या.

ग्रंथालय तरीही बंद झालं, आणि मी त्याच्या जागी झालेल्या सभागृहातल्या या काचेच्या कपाटात शोभेला येऊन बसलो.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. जपून ठेवलेल्या पुस्तकाचं काय होतं, ते बघताच आहात. खळ वाळवीला भारी आवडते; ती आधी पुठ्ठ्यावरच तुटून पडणार. माझा धीर सुटत चाललाय. कधी हे कपाट उघडं दिसलं, तर एवढंच करा. सहाव्यानंतर एकदम आठवं प्रकरण कसं आलं, हे मोठ्यानं विचारा. मग माझा मागचा पुठ्ठा भिजवा आणि कागद हलकेच सोडवा.

भिजवायला वाटीभर पाणी लागेल. ते तुमच्या नळाला का येत नाही, तेही विचारा.